गेमिंग लॅपटॉप तापतो, गेम अडकतो: आधी मोजा, मगच स्क्रू काढा

गेम सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटं होतात. पंखे घोंघावू लागतात, कीबोर्डच्या वरच्या पट्टीला हात लाववत नाही आणि तोवर सुरळीत चाललेला गेम धक्के खाऊ लागतो. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात: ऑनलाइन कूलिंग पॅड मागवतात किंवा लॅपटॉप दुकानात नेऊन ‘पेस्ट बदला’, म्हणजे चिपची उष्णता वरच्या धातूच्या हीटसिंककडे नेणारा लेप बदला, म्हणून सांगतात. दोन्ही उपाय कधीकधी बरोबर असतात. पण गेम अडकण्याची बरीच कारणं उष्णतेशी संबंधित नसतातच आणि तिथे नव्या पेस्टचा काडीचाही उपयोग होत नाही. अर्धा तास मोजणीत घालवला तर पैसे आणि लॅपटॉप दोन्ही वाचतात.

किती तापमान म्हणजे जास्त?

इंटेलच्या एच मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. एएमडीच्या रायझन मालिकेतल्या लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा मॉडेलनुसार ९५ किंवा १०० अंश असते. एनव्हिडियाची लॅपटॉपमधली बहुतेक ग्राफिक्स कार्डं (जीपीयू) ८७ अंशांच्या आसपास स्वतःला आवर घालू लागतात. मर्यादा गाठली की चिप आपला वेग आणि व्होल्टेज कमी करते. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. चिप जळू नये म्हणून केलेली ही सोय आहे.

त्यामुळे गेम खेळताना प्रोसेसर ८५-९२ अंशांवर दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. पातळ अंगाच्या गेमिंग लॅपटॉपमध्ये ते नेहमीचं आहे. चिंता करायची ती वेग घसरला तर. सुरुवातीला ८० एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) देणारा गेम वीस मिनिटांनी त्याच ठिकाणी ५० देत असेल आणि त्याच वेळी प्रोसेसरचा वेग ४ गिगाहर्ट्‌झवरून २ च्या खाली आला असेल, तर तो खरा बिघाड. काहीही काम चालू नसताना तापमान सतत ७० च्या वर राहत असेल तर तीही तक्रारच समजा. साधारण ४० ते ५५ अपेक्षित असतं.

मोजणी कशी करायची

एचडब्ल्यूइन्फो६४ हा मोफत प्रोग्रॅम उतरवून घ्या आणि उघडताना ‘सेन्सर्स ओन्ली’ निवडा. सोबत एमएसआय आफ्टरबर्नर टाका. त्याच्याबरोबर येणाऱ्या रिव्हाट्यूनरमुळे एफपीएस आणि तापमान गेमच्या पडद्यावरच दिसतं. आफ्टरबर्नर कुठल्याही कंपनीच्या लॅपटॉपवर चालतो, एमएसआयचाच हवा असं नाही.

लॅपटॉप टेबलावर ठेवा, चार्जर लावा आणि नेहमी ज्या गेममध्ये त्रास होतो तोच गेम त्याच ठिकाणी पंचवीस-तीस मिनिटं खेळा. पाच मिनिटांची चाचणी फसवते, कारण हीटसिंकचं धातू पूर्ण तापायलाच तेवढा वेळ जातो. मग एचडब्ल्यूइन्फोमधून हे आकडे कागदावर लिहून काढा: प्रोसेसरचं पॅकेज तापमान, पॅकेज पॉवर किती वॅट, प्रत्येक कोअरचा वेग, थर्मल थ्रॉटलिंगसमोर ‘येस’ आलं की ‘नो’, जीपीयूचं तापमान, हॉट स्पॉट (चिपवरचा सगळ्यात तापलेला बिंदू) तापमान, वॅट आणि वेग, वापरलेली रॅम आणि वापरलेली व्हिडिओ मेमरी. खोलीचं तापमानही लिहा. ते नसेल तर आजची मोजणी आणि महिन्याभरानंतरची मोजणी यांची तुलनाच करता येत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी. जीपीयूच्या रकान्यात ‘परफॉर्मन्स लिमिट – पॉवर’ समोर ‘येस’ दिसलं तर ते लॅपटॉपमध्ये स्वाभाविक आहे, कारण कंपनीनेच वॅटची मर्यादा घातलेली असते. ‘परफॉर्मन्स लिमिट – थर्मल’ समोर ‘येस’ आलं तर उष्णता आडवी येते आहे.

आता आकडे वाचा. वेळ जाईल तसा एफपीएस घसरतो आणि थ्रॉटलिंग ‘येस’ आहे, तर ‘आधी वॅट कमी करा’पासूनचा पुढचा मोठा भाग तुमच्यासाठी आहे. तापमान ठीक आहे तरी गेम अडकतो, तर आधी लगेच खालचा भाग बघा.

तापत नसतानाही अडकतो तेव्हा

सगळ्यात सोपं कारण: गेम चुकीच्या कार्डावर चालतो आहे. एचडब्ल्यूइन्फोत एनव्हिडिया कार्डाचा वापर जवळजवळ शून्य आणि इंटेल किंवा एएमडीचं अंगभूत ग्राफिक्स शंभर टक्के दिसत असेल, तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन त्या गेमसाठी ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा.

दुसरं कारण विजेचं. गेमिंग लॅपटॉपसोबत १८० किंवा २३० वॅटचा जाडजूड अडॅप्टर येतो तो उगाच नाही. त्याऐवजी ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर लावला, तर लॅपटॉप चार्ज होताना दिसतो पण जीपीयूला लागणारी वीज मिळत नाही. बॅटरीवर खेळताना तर कार्डाचे वॅट मुद्दाम कमी केले जातात आणि एनव्हिडियाचं बॅटरी बूस्ट चालू असेल तर फ्रेम ३० वर बांधली जाऊ शकते. मूळ अडॅप्टर लावा, पिन पूर्ण आत गेली आहे का बघा आणि कंपनीच्या ॲपमधला मोड तपासा: लेनोव्होत एफएन आणि क्यू, असूसमध्ये एफएन आणि एफ५, एसरमध्ये नायट्रोसेन्स, एचपीत ओमेन गेमिंग हब. शांत मोडमध्ये राहिलेला लॅपटॉप कितीही थंड असला तरी धीमाच चालणार.

याच गटातली एक विचित्र वाटणारी तक्रार: तापमान जेमतेम ६० आहे आणि प्रोसेसर ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्‌झवर अडकून बसला आहे. माऊससुद्धा घसटत चालतो. इथे पेस्टचा काही संबंध नाही. बोर्डवरचा दुसरा एखादा भाग प्रोसेसरला ‘वेग कमी कर’ असा संकेत सतत पाठवतो आहे. या संकेताला बीडी प्रॉकहॉट म्हणतात आणि इंटेलच्या मशिनवर थ्रॉटलस्टॉप या प्रोग्रॅममध्ये तो लाल झालेला दिसतो. बहुतेक वेळा अडॅप्टर ओळखला जात नसतो किंवा बॅटरी खराब झालेली असते. दुसरा अस्सल अडॅप्टर लावून बघणं ही पहिली चाचणी. थ्रॉटलस्टॉपमधून तो संकेत बंद करता येतो, पण मूळ कारण न शोधता बंद करणं म्हणजे धोक्याची घंटा काढून ठेवणं. तसं करू नका.

मेमरीचा मुद्दा आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे. अनेक लॅपटॉप ८ जीबीची एकच पट्टी लावून विकले जातात. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी इथे ‘स्लॉट्स यूज्ड’ पुढे २ पैकी १ दिसलं तर तेवढ्याच क्षमतेची आणि वेगाची दुसरी पट्टी बसवा. आजच्या गेमना विंडोज आणि ब्राउझर धरून ८ जीबी पुरत नाही; शिवाय दोन पट्ट्यांमुळे मेमरी दुहेरी चॅनलवर चालते. वेगळं कार्ड नसलेल्या, अंगभूत ग्राफिक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये या एका बदलाने जितका फरक पडतो तितका दुसऱ्या कशानेही पडत नाही, कारण तिथे ग्राफिक्सही हीच मेमरी वापरतं.

जीटीएक्स १६५० किंवा ४ जीबीच्या आरटीएक्स ३०५० वर व्हिडिओ मेमरी संपणं नेहमीचं. सरासरी एफपीएस चांगला दिसतो, पण वळलं किंवा नव्या भागात शिरलं की झटका बसतो. अशा वेळी फक्त टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांवरची चित्रं) एक पायरी खाली आणा. बाकी सेटिंगना हात लावायची गरज नसते. नवीन गेम किंवा नवा ड्रायव्हर टाकल्यावर पहिले काही तास बसणारे झटके शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम, तयार होण्याचे असतात. गेम सुरुवातीला शेडर तयार करत असेल तर ते काम पूर्ण होऊ द्या आणि एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये शेडर कॅशचा आकार १० जीबी ठेवा. गेम फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर तो एसएसडीवर हलवा.

एफपीएस स्थिर, पण समोरचा खेळाडू उड्या मारत दिसतो? मग दोष इंटरनेटचा आहे. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइकचे सर्व्हर मुंबईतच आहेत, त्यामुळे महाराष्ट्रातून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) दोन आकडीच असायला हवा. तो तीन आकडी जात असेल तर आधी गेममध्ये मुंबईचा सर्व्हर निवडला आहे का बघा, मग २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय किंवा थेट केबल वापरा.

आधी वॅट कमी करा

आता उष्णतेकडे. लॅपटॉपमध्ये तयार होणारी सगळी उष्णता म्हणजे चिपने खाल्लेले वॅट. आय५-१२४५०एच या प्रोसेसरचा मूळ आकडा ४५ वॅट आहे, पण टर्बोत, म्हणजे वेग तात्पुरता वाढवल्यावर, तो ९५ वॅटपर्यंत जाऊ शकतो. लॅपटॉपसाठीचं आरटीएक्स ३०५० हे कार्ड ३५ ते ८० वॅटमध्ये येतं. मध्यम किमतीच्या लॅपटॉपमध्ये या दोघांच्या हीटपाइप (उष्णता पंख्याकडे नेणाऱ्या नळ्या) सामाईक असतात, म्हणजे प्रोसेसरने विनाकारण ओढलेल्या वॅटची झळ कार्डालाही बसते. यावरून पहिला उपाय ठरतो, आणि तो फुकट आहे.

फ्रेमवर मर्यादा घाला. पडदा १४४ हर्ट्‌झचा असला तरी कथा असलेल्या गेममध्ये ६० किंवा ७२ एफपीएस पुरेसे असतात. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज, मॅक्स फ्रेम रेट इथे आकडा द्या किंवा रिव्हाट्यूनरमधून द्या. प्रत्येक फ्रेमसाठी प्रोसेसरलाही काम करावं लागतं, त्यामुळे दोन्ही चिपचे वॅट एकदम उतरतात. मर्यादा नसेल तर काही गेम नुसत्या मेनूमध्येही शेकडो फ्रेम काढत बसतात आणि खेळ सुरू व्हायच्या आधीच लॅपटॉप तापलेला असतो. नेमबाजीच्या स्पर्धात्मक गेममध्ये मर्यादा ६० वर आणू नका. तिथे कार्ड सतत टिकवू शकेल असा आकडा, समजा १००-१२०, ठेवा. वर-खाली होणाऱ्या १४० पेक्षा स्थिर १०० हाताला कितीतरी बरे लागतात.

गेममधल्या सेटिंगपैकी सावल्या, धुकं-प्रकाश आणि रे ट्रेसिंग कार्डावर भार टाकतात. गर्दी आणि दूरवरचं दृश्य प्रोसेसरवर. जो गरम आहे त्याचं ओझं उतरवा. डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणाऱ्या सोयी) ‘क्वालिटी’वर लावलं तर चित्रात फारसा फरक न पडता कार्डाचं काम कमी होतं, पण फ्रेमवर मर्यादा नसेल तर वाचलेल्या वेळात कार्ड आणखी फ्रेम काढतं आणि तापमान तेवढंच राहतं.

यानंतर टर्बोचा प्रश्न. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० ऐवजी ९९ टक्के करा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याने टर्बो पूर्ण बंद होतो आणि तापमान झटकन १५-२० अंशांनी खाली येऊ शकतं. पण आय५-१२४५०एचच्या मोठ्या कोअरचा मूळ वेग फक्त २ गिगाहर्ट्‌झ आहे आणि टर्बोत तो ४.४ असतो. म्हणजे ज्या गेमला प्रोसेसर लागतो, तो या युक्तीने अर्धा होतो. उन्हाळ्यात तात्पुरती सोय म्हणून ठीक. त्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे वॅटची मर्यादा बांधणं. इंटेलवर थ्रॉटलस्टॉपच्या टीपीएल खिडकीत पीएल१ (सततच्या वॅटची मर्यादा) ३५ आणि पीएल२ (थोड्या वेळापुरती मर्यादा) ४५ देऊन बघा. गेममध्ये प्रोसेसरला एवढे वॅट बहुधा पुरतात, आणि उरलेल्या थंडाव्याचा फायदा कार्डाला मिळतो. रायझनवर हेच काम युनिव्हर्सल एक्स८६ ट्यूनिंग युटिलिटी करते. काही ऑनलाइन गेमची चीट पकडणारी यंत्रणा अशा प्रोग्रॅमना अडवते, म्हणून ते गेम खेळणाऱ्यांनी कंपनीच्या ॲपमधला ‘बॅलन्स्ड’ मोड वापरावा.

अंडरव्होल्टिंग, म्हणजे चिपला मिळणारं व्होल्टेज कमी करणं, हा याहूनही चांगला उपाय आहे, कारण त्यात वेग जात नाही. वॅट साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतात: वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के उतरवलं तर वॅट जवळजवळ १९ टक्के कमी होतात. २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली त्रुटी उघड झाल्यापासून बऱ्याच कंपन्यांनी इंटेल प्रोसेसरचं अंडरव्होल्टिंग बायोसमधूनच बंद केलं आहे. तुमच्या मशिनवर ते उघडं असेल तर थ्रॉटलस्टॉपमध्ये उणे ५० मिलिव्होल्टपासून सुरुवात करा, दर वेळी १० ने पुढे जा आणि प्रत्येक पायरीवर अर्धा तास गेम खेळून बघा. लॅपटॉप गोठला किंवा निळा पडदा आला तर २० मागे या आणि तिथेच थांबा.

कार्डाचं अंडरव्होल्टिंग मात्र सहसा उघडं असतं आणि गेमर लोकांनी ते करायलाच हवं. गेममध्ये कार्ड सध्या किती वेगावर टिकतं ते आधी बघा, समजा १७०० मेगाहर्ट्‌झ. आफ्टरबर्नरमध्ये कोअर क्लॉक उणे २०० करून लागू करा. मग कंट्रोल आणि एफ दाबून आलेख उघडा, ८५० मिलिव्होल्टच्या जवळचा बिंदू धरून १७०० पर्यंत वर ओढा आणि पुन्हा लागू करा. त्याच्या उजवीकडची रेघ आडवी सपाट झाली की कार्ड त्यापुढे व्होल्टेज मागणार नाही. गेम बंद पडला तर त्या बिंदूचा वेग १५-३० मेगाहर्ट्‌झने उतरवा. जमलं की प्रोफाइल म्हणून साठवा, पण ‘विंडोज सुरू होताना लागू करा’ हा पर्याय आठवडाभर बिनबोभाट चालल्यावरच चालू करा.

हवा

बहुतेक लॅपटॉप खालून हवा ओढतात आणि मागून-बाजूने सोडतात. गादी, उशी, मांडीवरची चादर यांवर ठेवला की हवेचं तोंडच बंद होतं. टेबलावर मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलली तरी फरक दिसतो. त्यासाठी स्टँड विकत घ्यायलाच हवा असं नाही, दोन्ही कडांना सारख्या जाडीचे दोन लाकडी तुकडे चालतात, फक्त जाळी मोकळी राहिली पाहिजे. मागची जाळी भिंतीपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवा, नाहीतर बाहेर पडलेली गरम हवाच परत आत येते. साध्या पंख्यांचं कूलिंग पॅड दोन-चार अंश उतरवतं. फोमची कडा असलेलं, लॅपटॉपच्या तळाशी घट्ट बसून हवा आत दाबणारं पॅड खूपच जास्त काम करतं, पण आवाज हेअर ड्रायरइतका होतो आणि धूळही वेगाने आत जाते.

पंखे आणि वॅट तेच असतील तर चिपचं तापमान खोलीच्या तापमानाबरोबर जवळजवळ अंशाला अंश चढतं. जानेवारीत पुण्यात २२ अंशांच्या खोलीत ८२ वर चालणारा लॅपटॉप मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या ३८ अंशांच्या खोलीत ९८ वर जाणार. यात बिघाड काही नाही. उन्हाळ्यासाठी वॅटची वेगळी, कमी मर्यादा साठवून ठेवा. वाळ्याच्या कूलरच्या झोतात लॅपटॉप ठेवू नका, त्या हवेत पाण्याचे बारीक तुषार असतात. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर खारट दमट हवेने स्क्रू गंजतात आणि धूळ चिकट होते, त्यामुळे तिथे साफसफाई वर्षातून दोनदा करावी. फ्रीजमध्ये लॅपटॉप ठेवण्याची ‘आयडिया’ कधीही वापरू नका; बाहेर काढताच आत दव धरतं आणि बोर्ड शॉर्ट होतो.

उघडून साफ करणं

वॉरंटी चालू असेल तर उघडण्याआधी कंपनीच्या सेवा केंद्राला लेखी विचारा. तळ उघडायला काही कंपन्या हरकत घेत नाहीत, काही घेतात, आणि हीटसिंक काढण्याबद्दलचे नियम आणखी कडक असतात.

लागणारं सामान: पीएच० आणि पीएच०० स्क्रूड्रायव्हर (काही मॉडेलना टी५), प्लास्टिकची चपटी पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड, मऊ ब्रश, हाताने दाबायचा रबरी ब्लोअर. आपल्या मॉडेलचं नाव टाकून उघडण्याचा व्हिडिओ आधी पूर्ण बघा, कारण रबरी पायांखाली लपलेले स्क्रू आणि कुलपं कुठे आहेत हे प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं असतं.

लॅपटॉप पूर्ण बंद करा, अडॅप्टर काढा. तळाचे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. कागदावर तळाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी सेलोटेपने चिकटवा. लांब स्क्रू आखूड जागी बसवला तर तो बोर्डमध्ये किंवा कीबोर्डमध्ये घुसतो. झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर काढा. मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून ठेवा. बॅटरी जोडलेली असताना आत धातूचं काही पडलं तर बोर्ड जातो.

पंखा आणि बाहेरच्या जाळीमागच्या पातळ पट्ट्या यांच्यामध्ये धुळीची गादी जमते, अगदी नमद्यासारखी. बाहेरून फुंकून ती निघत नाही. उलट सुटून पंख्यात अडकते. पंख्याचे दोन-चार स्क्रू आणि वायर काढून पंखा उचला, गादी ब्रशने ओढून काढा आणि पट्ट्या आरपार दिसेपर्यंत साफ करा. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, मोकळी जोरात फिरली तर बेअरिंग खराब होतं. पेट्रोल पंपावरची किंवा गॅरेजमधली हवा वापरू नका, त्यात पाणी आणि तेल असतं. पंखा हाताने फिरवल्यावर खरखरत असेल तर तेल घालत बसू नका, बदला. त्याच्या लेबलवरचा भाग क्रमांक आणि व्होल्ट जुळले पाहिजेत. डावा आणि उजवा पंखा वेगवेगळे असतात.

दोन-तीन वर्षं जुन्या लॅपटॉपमध्ये अनेकदा एवढ्यानेच काम भागतं. म्हणून इथे थांबा, झाकण लावा आणि पुन्हा मोजा. पेस्टला हात लावायचा की नाही ते आकडे सांगतील: कोअर-कोअरमध्ये १५ अंशांहून जास्त फरक असेल किंवा जीपीयूचं हॉट स्पॉट सरासरी तापमानापेक्षा २०-२५ अंशांनी वर असेल, तर पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक नीट टेकत नाही.

पेस्ट आणि पॅड

आधी हे बघा: तुमच्या लॅपटॉपमध्ये लिक्विड मेटल आहे का? असूसने २०२० पासून आपल्या आरओजी मालिकेतल्या बऱ्याच मॉडेलमध्ये ते वापरलं आहे. ते चांदीसारखं चमकतं, वीज वाहून नेतं आणि त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं. एक थेंब शेजारच्या भागांवर गेला की बोर्ड संपला. असं मशिन घरी उघडू नका.

साधी पेस्ट असेल तर हीटसिंकच्या स्क्रूंवर १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात. सोडवताना उलट्या क्रमाने, एकेक स्क्रू अर्धा फेरा असं करत सैल करा. पाच मिनिटं लॅपटॉप चालवून कोमट केला असेल तर पेस्ट सहज सुटते. थेट वर ओढू नका, किंचित फिरवून उचला. या चिपला वर धातूचं झाकण नसतं आणि काचेसारखी कड फुटू शकते. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसा.

नवी पेस्ट दोन्ही चिपवर पातळ, सलग पसरवा आणि कोपरे कोरडे ठेवू नका. दोन्ही चिप मिळून अर्धा ग्रॅमसुद्धा लागत नाही. इथे बहुतेकांची फसगत पेस्ट निवडताना होते. डेस्कटॉपवर उत्तम ठरणाऱ्या पातळ पेस्ट लॅपटॉपच्या उघड्या चिपवर काही महिन्यांतच कडेला सरकतात, कारण चिप दिवसातून अनेकदा तापते-निवते आणि पेस्ट बाहेर ढकलली जाते. लॅपटॉपसाठी हनीवेलचं पीटीएम७९५० हे फेज-चेंज पॅड घ्या. ते साधारण ४५ अंशांना मऊ होऊन सगळ्या बारीक खाचा भरतं आणि वर्षानुवर्षं जागेवर राहतं. कापायच्या आधी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवलं तर वरचा प्लास्टिकचा पापुद्रा नीट निघतो. पापुद्रे दोन असतात, दोन्ही काढायचे. बनावट माल खूप असल्याने खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्या. पहिल्या दोन-तीन वेळा तापून निवल्यावर त्याचा पूर्ण परिणाम दिसतो, लगेच निराश होऊ नका.

मेमरी आणि विजेच्या भागांवरचे मऊ थर्मल पॅड धड असतील तर बदलू नका. बदलायचेच असतील तर जाडी मोजून तीच आणा: ०.५, १, १.५ किंवा २ मिलिमीटर. १ च्या जागी १.५ चा पॅड लावला की हीटसिंक चिपवरून उचलला जातो आणि पेस्ट नवी असूनही तापमान वाढतं. ‘पेस्ट बदलल्यावर जास्तच तापायला लागला’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. शंका असेल तर हीटसिंक बसवून पुन्हा उचला आणि चिपवरचा ठसा सगळीकडे सारखा उमटला आहे का ते बघा; मात्र त्यानंतर पेस्ट पुन्हा लावावी लागते.

स्क्रू छापलेल्या क्रमाने, कर्णात, थोडे थोडे घट्ट करा. पंख्याची वायर, मग बॅटरी जोडा. झाकण लावायच्या आधी एकदा चालू करून दोन्ही पंखे फिरतात का बघा.

पुन्हा तीच तीस मिनिटांची चाचणी घ्या आणि फक्त तापमानाकडे बघू नका. आधी ९५ अंशांवर प्रोसेसर ३० वॅट ओढत होता आणि आता ९५ वरच ४८ वॅट ओढतो आहे, तर काम उत्तम झालं आहे. चिप मिळालेला थंडावा वेग वाढवायला वापरते आहे. तो वेग नको असेल तर वॅटची मर्यादा उतरवा, तापमान लगेच खाली येईल.

सगळं करूनही फरक नसेल तर हीटपाइप तपासायला द्या. गेम चालू असताना चिप ९५ वर आणि जाळीतून येणारी हवा मात्र जेमतेम कोमट असेल, तर उष्णता पट्ट्यांपर्यंत पोचतच नाही. पाइप दबलेला किंवा फुटलेला असतो आणि त्याची दुरुस्ती होत नाही, पूर्ण हीटसिंक बदलावा लागतो. आणि उघडलेल्या लॅपटॉपमध्ये बॅटरी फुगलेली दिसली, किंवा टचपॅड वर उचलला गेला असेल, तर त्या क्षणी गेम, चार्जिंग सगळं थांबवा. बॅटरी टोचू-दाबू नका, नवी बसेपर्यंत लॅपटॉप चालू करू नका. नवी बसवल्यावर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा ६० किंवा ८० टक्क्यांवर ठेवा. सतत प्लग लावून खेळणाऱ्यांच्या बॅटरीला पूर्ण चार्ज आणि उष्णता हे दोन्ही एकदम सोसवत नाही.